भिंतीपलीकडचा हिशेब



आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेवर ‘कणवहनाच्या अनुकूलनशील अंकीय पद्धती’ असा छापला आहे. हे नाव वाचूनही आपण इतक्या संख्येने आलात, याबद्दल प्रथम आपल्या धैर्याचे कौतुक करतो. नाव जड आहे खरे, पण ज्या गोष्टीविषयी बोलावयाचे ती आपल्या वाशीतच, मसाल्याच्या बाजाराच्या पंचक्रोशीत उभी आहे. ती गोष्ट म्हणजे एक भिंत.

वाशीस अणुऊर्जा खात्याच्या ‘ब्रिट’ या संस्थेचे मसाल्यांवर किरणोपचार करणारे केंद्र आहे. ते २००० साली सुरू झाले. मिरची, हळद, धने, मिरी यांची पोती व खोकी तेथे एका जाड भिंतींच्या खोलीत फिरविली जातात. खोलीच्या मध्यभागी कोबाल्ट-६० या धातूच्या कांड्यांची चौकट असते. काम नसते तेव्हा ती खोल पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात. काम सुरू झाले की ती वर येते आणि तिच्यातून निघणारे गॅमा किरण पोत्यांतील किडे, बुरशी व जंतू मारून टाकतात. आपल्या हापूस आंब्याला २००७ साली अमेरिकेची दारे पुन्हा उघडली, ती अशाच उपचाराच्या अटीवर. त्या वर्षी आंबे लासलगावच्या केंद्रात जात. पुढे पणन मंडळाचे केंद्र वाशीलाच झाले. उपचार केलेली मिरची स्वतः किरणोत्सर्गी होते काय, असे मला नेहमी विचारतात. होत नाही. दिवा मालवला म्हणजे भिंत उजेड देत राहत नाही, तसेच हे.

मसाल्याला देतात ती मात्रा दहा हजार ग्रेच्या आसपास असते. ‘ग्रे’ हे किरणांची मात्रा मोजण्याचे माप. माणसाच्या सर्वांगाला चार-पाच ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर त्याचे जगणे कठीण. एक लक्ष क्युरी कोबाल्ट उघडा ठेवून पाच मीटरांवर माणूस उभा केला, तर ही मात्रा त्याला पाच-सहा मिनिटांत मिळेल. आणि तरीही त्या खोलीच्या बाहेर, भिंतीला लागून, कोणी तरी कामगार पोत्यांची मोजदाद करीत दिवसभर उभा असतो आणि त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. मध्ये काय असते? काँक्रीट. किती जाडीचे असावे, हे कोणी आणि कसे ठरविले? आजचे सगळे व्याख्यान या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

कोबाल्टच्या गॅमा किरणांची मात्रा सुमारे साडेसहा सेंटिमीटर काँक्रीटमागे निम्मी होते. आणखी साडेसहा सेंटिमीटरांनी पाव. बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची गोष्ट आपण ऐकली आहे; ही तीच गोष्ट उलट्या बाजूने. असे तीस थर झाले म्हणजे भिंत दोन मीटरांच्या जवळ येते आणि मात्रा दोनाच्या तिसाव्या घाताने, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ ने भागली जाते. मघाचा एक लक्ष क्युरी कोबाल्ट या भिंतीआड ठेवला, तर पलीकडे उरणारे किरण आपल्या अंगणातील माती आणि आकाश यांतून रोज मिळणाऱ्या किरणांहूनही कमी असतील.

मग अवघड काय राहिले? एक पट्टी आणि एक गुणाकार पुरे. भिंत सपाट, अखंड आणि एकजात असती तर खरोखरच पुरे होते. परंतु या हिशेबाचा स्वभाव आपण लक्षात घ्या. दोन मीटरांत वीस सेंटिमीटरांची चूक झाली, तर पलीकडची मात्रा दहा टक्क्यांनी वाढत नाही; ती जवळजवळ दहापट होते. काँक्रीट नीट कुटले गेले नाही आणि त्याची घनता दहा टक्के कमी भरली, तरी परिणाम तोच. इतर इमारतींत कंत्राटदाराने हात आखडता घेतला तर छत गळते आणि आपणांस कळते. येथे काही गळताना दिसत नाही, वासही येत नाही. शिवाय पोती आत जावयास वाट हवी, तारा न्यावयास भोक हवे, हवा खेळावयास नळ हवा. वाट सरळ ठेवली तर किरण सरळ बाहेर येतील, म्हणून ती भुलभुलैयासारखी वळवून नेतात. तरी किरण भिंतींवर आपटून, दिशा बदलून, थोडे थोडे त्या वळणांतूनही येतातच. येथे पट्टी आणि गुणाकार थकतात.

एकेका कणाचे काय होते ते पाहू. गॅमा किरणाचा कण काँक्रीटमध्ये शिरला की सरासरी साडेसात सेंटिमीटर बिनबोभाट चालतो. मग कुठल्या तरी इलेक्ट्रॉनला धडकतो. धडकेत त्याची काही शक्ती जाते, दिशा बदलते; पुन्हा थोडे चालणे, पुन्हा धडक, आणि अखेरीस कोठे तरी त्याचा अंत होतो. किती चालेल, कोठे वळेल, केव्हा संपेल, हे आधी सांगता येत नाही; फक्त संभाव्यता सांगता येते. अशा असंख्य कणांच्या गर्दीचे समीकरण बोल्ट्झमन याने १८७२ साली वायूंसाठी मांडले होते, आणि तेच रूप थोड्या फेराने येथे लागू पडते. पण त्यात जागेची तीन मापे, दिशेची दोन आणि शक्तीचे एक, अशी सहा मापे येतात. प्रत्येकाचे शंभर भाग पाडले तरी एक लक्ष कोटी कप्पे होतात.

येथे पहिली युक्ती भूमापन खात्याची आहे. गावाचा नकाशा करताना मोजणीदार माळरान आणि गावठाण एकाच प्रमाणावर काढीत नाही. गावठाणात भिंतीला भिंत लागलेली असते, तेथे मोठ्या प्रमाणाचा नकाशा. माळावर एक चौकोन काढला की झाले. कणांच्या समीकरणातही जेथे संख्या झपाट्याने बदलते तेथे कप्पे बारीक आणि जेथे संथ तेथे मोठे. आधी ढोबळ जाळे टाकून उत्तर काढावयाचे, कोठे चढउतार अधिक ते पाहावयाचे, तेथेच जाळे बारीक करावयाचे, पुन्हा सोडवावयाचे. ‘अनुकूलनशील’ या लांबलचक शब्दाचा अर्थ एवढाच की, उत्तराकडे पाहून हिशेबाने आपली मेहनत कोठे खर्चावी ते बदलावयाचे.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण तो जुगाऱ्यांचा आहे. १९४६ साली स्टॅनिस्लाव उलाम हा गणिती मोठ्या दुखण्यातून उठून पत्त्यांचा एकट्याने खेळावयाचा डाव मांडीत बसला होता. डाव सुटण्याची शक्यता किती, याचा हिशेब त्याला जमेना. तेव्हा त्याला वाटले की हिशेब कशाला, शंभर डाव खेळावेत आणि किती सुटतात ते मोजावे! न्यूट्रॉन नावाच्या कणांनाही हेच लागू पडते, हे त्याने व जॉन फॉन नॉयमन याने ओळखले. कण किती चालेल यासाठी एक फासा टाकावयाचा, कोठे वळेल यासाठी दुसरा. कण मेला की नवा घ्यावयाचा. १९४८ साली एनिॲक या गणकयंत्रावर हे पहिले प्रयोग झाले. त्यांची आज्ञावली रचण्यात फॉन नॉयमनची पत्नी क्लारा हिचा मोठा वाटा होता, आणि ते फारसे कोणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगतो. उलामचा एक चुलता माँटे कार्लोच्या जुगारघराचा शौकीन होता, त्यावरून मेट्रोपोलिसने पद्धतीला ते नाव दिले.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. होमी भाभा यांनी हाइट्लरबरोबर १९३७ साली विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला: आकाशातून आलेल्या एका कणाचे दोन होतात, दोहोंचे चार, आणि खाली येईतो शेकडो. सरासरी किती, हे त्या सिद्धांतातून निघत होते. पण प्रत्येक वर्षाव सरासरीसारखा नसतो. चढउतार केवढे, हा प्रश्न कठीण होता, आणि १९५० साली भाभांनी स्वतः त्यावर पुन्हा लेखन केले. १९५२ साली रॉबर्ट विल्सन याने तो फाशांनी सोडविला. त्याच्यापाशी गणकयंत्र नव्हते. आलेख चिकटविलेला एक दंडगोल तो हाताने फिरवी, थांबेल तेथे वाची आणि पुन्हा फिरवी. या विल्सनची गाठ आपल्याला थोड्या वेळाने खारघरला पुन्हा पडणार आहे.

आता हे फासे घेऊन वाशीच्या भिंतीपाशी येऊ. शंभर कोटींहून अधिक कण सोडावेत तेव्हा पलीकडे सरासरी एक पोचणार. फाशांच्या हिशेबाचा नियम असा की चूक निम्मी करावयाची तर कण चौपट हवेत, आणि चूक एक टक्क्यावर आणावयाची तर दहा हजार कण पलीकडे पोचले पाहिजेत. म्हणजे सोडावयाचे किती? दहा लक्ष कोटींच्या वर. यंत्राने दर सेकंदास एक लाख कण खेळविले तरी तीन वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तोही एका भिंतीतल्या एका बिंदूसाठी. निसर्गापाशी कणांची टंचाई नाही. एक लक्ष क्युरी कोबाल्टमधून दर सेकंदाला सुमारे सात हजार चारशे लक्ष कोटी गॅमा कण निघतात. टंचाई आपल्यापाशी आहे. आणि ज्या काळी ही विद्या जन्मली तेव्हा ती फारच होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या देशी गणकयंत्राची स्मृती २०४८ शब्दांची होती. आज खिशातल्या दूरध्वनीत त्याच्या लक्षावधी पट मावते.

त्या टंचाईतून दोन युक्त्या निघाल्या, त्या आजही तशाच्या तशा वापरल्या जातात. पहिली अशी की भिंतीचे तीस थर कल्पावेत, आणि कण एक थर ओलांडून पुढे गेला की त्याचे दोन करावेत, प्रत्येकाची किंमत अर्धी. प्रत्येक थरात निम्मे मरतात, उरलेल्यांचे आपण दुप्पट करतो. म्हणून हजार सोडले तर पलीकडे हजाराच्या आसपास पोचतात. मात्र त्या प्रत्येकाची किंमत आता रुपयाची नाही. रुपयाचा १०७ कोटीवा भाग आहे. जमाखर्च चोख राहिला आणि पलीकडे मोजावयास कण मिळाले.

दुसरी युक्ती उलट दिशेची. जे कण मागे फिरले, ज्यांच्याकडून काही लाभ होण्याची आशा नाही, त्यांच्यामागे वेळ का दवडावा? पण नुसते मारून टाकणे म्हणजे हिशेबात चोरी. येथे एक दुकानदार आठवा. गिऱ्हाइकाला आठ आणे परत द्यावयाचे आहेत आणि गल्ल्यात सुटे नाहीत. दोघे नाणे उडवितात: छाप पडला तर गिऱ्हाइकाला पूर्ण रुपया, काटा पडला तर काही नाही. एका दिवशी एकाचे नुकसान होईल. वर्षभर हेच चालविले तर दोघांचाही हिशेब बरोबर. कणांचेही तसेच करतात. नाणे उडवून निम्मे मारतात आणि वाचलेल्याची किंमत दुप्पट करतात. याला ‘रशियन रूलेट’ असे भयंकर नाव आहे. मला दुकानदाराचे नाणे पुरे वाटते. हर्मन कान याने १९५० च्या सुमारास या दोन्ही युक्त्यांचे नियम नीट बांधले.

आपल्यापैकी जे हिशेबनीस असतील त्यांच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. एका कणाचे दोन केले, ते दोन स्वतंत्र कुठे? ती भावंडे आहेत, थर ओलांडीपर्यंतचा त्यांचा इतिहास एकच. न्यायालयात दहा भावांनी एकच साक्ष दिली तर न्यायाधीश ती दहा साक्षी धरीत नाही. म्हणून वरचे हजार कण खऱ्या हजारांच्या तोलाचे नसतात, आणि चुकीचा अंदाज मूळ कणांच्या कुळांवरून करावा लागतो, भिंतीपलीकडे मोजलेल्या डोक्यांवरून नव्हे. हे पथ्य पाळले तरीही तीन वर्षांचे काम काही मिनिटांवर येते.

सपाट भिंतीत कोणता थर किती मोलाचा हे उघड आहे. भुलभुलैयात, नळांत, कोपऱ्यांत ते कोणाला ठाऊक? येथे खरी अनुकूलनशील पद्धत सुरू होते. पहिली फेरी ढोबळ करावयाची. खोलीचे आणि भिंतीचे कप्पे पाडून प्रत्येक कप्प्यापुढे दोन आकडे लिहावयाचे: येथून किती किंमतीचे कण गेले, आणि त्यांच्यापैकी किती किंमत शेवटी बाहेरच्या मीटरापर्यंत पोचली. दुसऱ्याला पहिल्याने भागले की त्या कप्प्याचे मोल कळले. त्या मोलांवरून दुसऱ्या फेरीत कोठे दुप्पट करावयाचे आणि कोठे नाणे उडवावयाचे ते यंत्र स्वतःच ठरविते, दुसरीवरून तिसरी. लॉस अलामॉस येथे टॉमस बूथ यांनी १९८० नंतरच्या वर्षांत ही रीत पक्की केली. पुढे १९९८ साली वॅगनर आणि हगीगट यांनी एक निराळी वाट घातली. कोबाल्टपासून सुरुवात करण्याऐवजी मीटरापासून उलटे जावयाचे. भूमापनाच्या ढोबळ जाळ्यावर हा उलटा प्रश्न आधी सोडवावयाचा, त्यावरून मोलांचा नकाशा काढावयाचा आणि मग फासे टाकावयाचे. बाजारात आलेली मिरची कोणत्या गावची, हे गावोगाव हिंडण्यापेक्षा पोत्यावरची खूण पाहून मागे माग काढणे सोपे, तसे.

हे सारे ऐकून आपणांस वाटेल की आता यंत्रावर सोपवून निर्धास्त व्हावे. नेमके येथेच मला आपला थोडा वेळ घ्यावयाचा आहे.

समजा, दोन मीटरांच्या भिंतीत तारा नेण्यासाठी एक बोटभर रुंदीचे भोक आहे. पहिल्या फेरीत एक लाख कण सोडले आणि त्यांतला एकही त्या भोकाच्या तोंडाशी गेला नाही. यंत्र त्या कप्प्यापुढे शून्य लिहिते. शून्य मोलाच्या जागी दुसऱ्या फेरीत जाणारा कण नाण्याच्या पहिल्याच फेकीत मरतो. तिसऱ्या फेरीत हा समज आणखी पक्का होतो. उत्तर स्थिर येते, चूक एक टक्का दिसते, आणि खरे उत्तर कित्येक पट मोठे असते. चुकीचा तो अंदाज खोटा नाही. पण तो पाहिलेल्या कणांवरून केलेला आहे, आणि भोकातून जाणारे कण त्याने पाहिलेलेच नाहीत. आपल्या अनुभवावरून शिकणाऱ्या माणसालाही हा दोष लागतो, तेव्हा यंत्रावर फार रागावण्यात अर्थ नाही.

यावर जाणकार काही उपाय करतात. कोणत्याही कप्प्याचे मोल अगदी शून्यावर उतरू देत नाहीत. थोडे कण नेहमी अवेळी, आडवाटेने जाऊ देतात. नकाशा दोन निरनिराळ्या रीतींनी काढून ताडून पाहतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकट्या आलेल्या जड कणाकडे दुर्लक्ष करीत नाहीत. हिशेब शांतपणे चालला असता कधीतरी एक कण इतरांच्या हजारपट किंमत घेऊन मीटरावर येतो आणि सारी सरासरी उचलून धरतो. नवशिक्याला वाटते की ही यंत्राची खोड, हा आकडा वगळावा. बहुधा तोच त्या भोकाचा साक्षीदार असतो. नाण्याच्या अनेक फेकी जिंकून, दर वेळी किंमत दुप्पट करीत, तो एकटा आडवाटेने पोचलेला असतो. त्याला वगळले की आकडे देखणे होतात आणि भिंतीशी उभा असलेला माणूस धोक्यात येतो.

म्हणून नियमही आकड्यांवर विसंबून राहत नाहीत. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणांशी काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षी ३० अशी मर्यादा घातली आहे. सामान्य जनतेसाठी वर्षाला एक. हिशेब कितीही उत्तम असो, बांधून झालेल्या भिंतीवरून, सांध्यांवरून, दारापाशी आणि नळांच्या तोंडाशी मीटर फिरवून पाहावाच लागतो.

आता खारघर. तेथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या संस्थेत २०२३ साली कर्करोगावर प्रोटॉन किरणांचे उपचार सुरू झाले. ही कल्पना प्रथम १९४६ साली कोणी मांडली? दंडगोल फिरविणाऱ्या त्याच विल्सनने. गॅमा किरण शरीरातून आरपार जातात. प्रोटॉन मात्र ठराविक खोलीपर्यंत जाऊन थांबतो आणि थांबण्याच्या थोडे आधी आपली बहुतेक शक्ती टाकून देतो. २३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन पाण्यात सुमारे ३३ सेंटिमीटर जातो. गाठ जेथे आहे तेथेच त्याला थांबविले की मागचा मज्जारज्जू वाचतो. लहान मुलांच्या बाबतीत याचे मोल वेगळे सांगावयास नको. पण वाटेत हाड आले, नाकातली पोकळी आली, की थांबण्याची जागा सरकते. म्हणून शरीराचे बारीक घनाकार कप्पे पाडून तेथेही फासे टाकावे लागतात, आणि येथे भिंतीच्या उलट अडचण असते: कण पुष्कळ पोचतात, पण उत्तर मिलिमीटरपर्यंत हवे आणि लवकर हवे. उपचार काही आठवडे चालतात. तेवढ्यात गाठ आकसते, मूल वाळते, पोकळीत पाणी भरते; पहिल्या दिवशीचे चित्र विसाव्या दिवशी खरे राहत नाही. मग नवे छायाचित्र, नवा हिशेब. जेथे मात्रा एकदम उतरते त्या कडेला कण अधिक खर्चावयाचे आणि जेथे ती सपाट आहे तेथे कमी, ही भूमापकाची युक्ती येथे पुन्हा उपयोगी पडते. शिवाय प्रोटॉन पदार्थावर आदळले की न्यूट्रॉन उडतात, म्हणून या उपचारखोल्यांनाही जाड भिंती आणि वळणाच्या वाटा लागतात.

आणि वाशीचा हिशेबही एकदा करून संपत नाही. कोबाल्ट-६० सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. पोत्यांना तीच मात्रा द्यावयाची तर ती अधिक वेळ आत ठेवावी लागतात, आणि अधूनमधून नव्या कांड्या बसवाव्या लागतात. कांड्यांची मांडणी बदलली की खोलीतल्या किरणांचा पट बदलतो. धन्यांची पोती हलकी, हळदीची जड. कोणत्या मालाच्या गाभ्यापर्यंत किती मात्रा पोचली, हे पुन्हा मोजून पाहावे लागते. अशा वेळी जुना मोलांचा नकाशा पहिल्या फेरीसाठी कामास येतो, परंतु दुसऱ्या फेरीत त्याला नव्याने तपासल्याखेरीज पुढे जात नाहीत.